विचार करून पडलेला बॉक्सर

बॉक्सिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही, आणि तरीही बॉक्सिंगच्या सामन्याचं निवेदन करायला मी हो म्हणालो.

यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही. शिवाजी पेठेतल्या मंडळाची पोरं दुकानात आली तेव्हा मी एका गिऱ्हाइकाला नळाची तोटी उलटी बसवून दाखवत होतो. माझं पोट हार्डवेअरच्या दुकानावर चालतं, जीव मात्र माईकवर. गेली तीस वर्षं जिल्ह्यातल्या जत्रांत मी कुस्ती मैदानाचं निवेदन करतो. खाली लाल मातीत पैलवान लढतात, हलगी कडाडते आणि वर मांडवात बसून मी गर्जना करतो. स्वतः आयुष्यात एकच कुस्ती केली. सातवीत होतो. समोरच्यानं सलामीला हात पुढे केला, मी तो प्रेमानं धरला आणि त्याच हातानं त्यानं मला आडवा केला. हलगीवाल्यानं अजून टिपरू उचललंसुद्धा नव्हतं. त्या दिवशी ठरवलं, आपण कडेला बसून बोलावं.

"काका, तुमचा आवाजच पायजे," पोरं म्हणाली. "दिवाळीच्या सुट्टीत बॉक्सिंगचं मैदान भरवतोय."

"पण मला त्यातलं..."

"त्यात काय न्हाय वो. उभ्यानं कुस्ती समजा."

पडद्याआडून बायको म्हणाली, "तुम्हाला त्यातलं काय कळतंय?"

"कळायला कशाला पाहिजे? बोलायचंय," मी म्हणालो. हे वाक्य मी आता फ्रेम करून गल्ल्यामागे लावावं असं तिचं म्हणणं आहे.

शेवटची लढत आमच्या वस्तादांच्या पोराची होती. वस्ताद म्हणजे पेठेतल्या तालमीचे. सत्तरी ओलांडलेले, कान मोडलेले, डावा खांदा जरा खाली. त्या खांद्याची गोष्ट पेठेत सगळ्यांना पाठ आहे. तरुणपणी कुणीतरी त्यांना ठरवून पडायला सांगितलं होतं. ते ऐकले नाहीत, खरे लढले, खांदा निखळला आणि कुस्ती कायमची सुटली. आधी ठरवून केलेल्या कुस्तीला आमच्याकडे नुरा म्हणतात. हा शब्द वस्तादांच्या घरात शिवीपेक्षा वाईट. शिवी ते स्वतः देतात, हा शब्द उच्चारत नाहीत.

त्यांच्या धाकट्यानं लाल माती सोडून बॉक्सिंग धरलं, तेव्हा ते वर्षभर धुसफुसत होते. "हाताला उशा बांधून भांडायचं, ह्यो काय खेळ हाय?" पण त्या दिवशी ते आले. तांबडा फेटा बांधून, पहिल्या रांगेत, गुडघ्यांवर हात ठेवून बसले. पोराची लढत बघायची त्यांची ती पहिलीच वेळ.

समोर कबनूरचा बॉक्सर होता. यंत्रमागावर काम करणारा, काटकुळा, डावखुरा. वजन काट्यावर सारखं भरलं होतं, पण बघणाऱ्याला पटत नव्हतं. एकीकडे उंबऱ्याचं लाकूड आणि दुसरीकडे छत्रीची काडी.

घंटा झाली आणि मी सुटलो.

पहिली फेरी मी 'खडाखडी', म्हणजे पैलवानांची सुरुवातीची चाचपणी, म्हणून मारून नेली. हलगीवाला माझ्या ओळखीचा. त्याला खूण केली आणि रिंगणाच्या दोरांभोवती हलगी घुमली. रेफरीनं दोनदा कानावर हात ठेवून आमच्याकडे बघितलं. मला वाटलं, खूश आहे. दुसऱ्या फेरीत वस्तादांचा पोरगा पेटला. उजवा, डावा, परत उजवा! कबनूरवाला दोराला टेकला, निसटला, परत टेकला. मैदान उभं राहिलं. शिट्ट्या, आरोळ्या, हवेत टॉवेल. मी ओरडत होतो, "धरा! सोडू नका! ढाक लावा!" बॉक्सिंगमध्ये धरायची मनाई असते हे मला नंतर कळलं. त्या क्षणाला हजारभर माणसं माझ्याबरोबर "धरा, धरा" ओरडत होती, आणि आमच्यात बॉक्सिंग कळणारी तिघं असतील. ते तिघंही रिंगणात होते.

तिसरी फेरी. वस्ताद बसल्या जागी पुढे सरकले होते, खुर्ची पुढच्या दोन पायांवर. त्यांच्या मुठी वळलेल्या होत्या. मला मांडवातून दिसत होतं, म्हातारा पोराबरोबर खांदे हलवत होता. "आता हा पडला!" मी गरजलो. "मंडळी, कबनूरचा पैलवान आता काही क्षणांचा सोबती आहे!"

आणि मग ते झालं.

वस्तादांच्या पोरानं उजवा हात लांब फेकला. कबनूरवाला खाली वाकला आणि त्याचा डावा हात हलला. हलला म्हणजे किती? हातात दुधाची पिशवी असताना माणूस कोपरानं दार ढकलतो, तेवढा. वस्तादांच्या पोराच्या उजव्या बरगडीखाली कुठंतरी तो जाऊन आला. आवाजसुद्धा आला नाही.

पोरगा उभाच होता. तोंडावर काही नाही. हातसुद्धा वर. त्यानं एक पाऊल मागे टाकलं. खाली बघितलं, जणू बसायला जागा स्वच्छ आहे का बघतोय. मग सावकाश एक गुडघा टेकला, दुसरा टेकला, आणि कपाळ जमिनीला लावून तो तसाच राहिला. देवळात ठेवतात तसं डोकं.

रेफरी एक, दोन, तीन म्हणू लागला.

मैदान गप्प. हलगी गप्प. गप्प बसायचं कळलं नाही ते एका माणसाला, आणि माईक नेमका त्याच्या हातात.

"नुरा!" मी ओरडलो. "ही नुरा आहे! पंच, काय मोजताय? पाठ लागलेली नाही! दोघांनाही मैदानाबाहेर काढा! हलगी बंद!" हलगी बंदच होती. तीस वर्षांची सवय हो. मातीत लढत संशयाची वाटली की निवेदकानं आधी गरजायचं आणि पंचांनी जोड बाहेर काढायची, ही आमची रीत. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला सुचलं. मला सुचतं तेव्हा नेहमी वाटोळं होतं.

"मंडळी," मी म्हणालो, "हा मार खाऊन पडलेला नाही. हा विचार करून पडलेला आहे!"

मैदान फुटलं. हसण्याचा असा लोट आला की मांडवाचं कापड हललं. "विचार करून पडला! विचार करून पडला!" रेफरीनं दहा म्हटलं ते कुणी ऐकलंसुद्धा नाही. कबनूरवाल्याचा हात वर गेला, तेव्हा त्याच्यासाठी एकानंही टाळी वाजवली नाही.

त्या गदारोळात मला दोनच गोष्टी दिसल्या, आणि दोन्ही दिसल्या नसत्या तर बरं झालं असतं. वस्ताद उठले. डोक्यावरचा फेटा काढला, काखेत मारला आणि मान खाली घालून गर्दीतून चालू लागले. आणि रिंगणात गुडघ्यावर असलेल्या पोरानं कशीतरी मान उचलली. तोंड माशासारखं उघडं, श्वास येत नव्हता. तो रेफरीकडे बघत नव्हता. बापाच्या पाठीकडे बघत होता.

यानंतर मला पश्चात्ताप झाला असं लिहायला आवडलं असतं. खरं सांगायचं तर पुढचे चार दिवस मी मजेत होतो. चहाच्या गाड्यावर लोक सरकून जागा द्यायचे. "काका, डेरिंग केलासा!" मिसळीच्या दुकानात मालकानं कट जास्त वाढला. कोणीतरी तो क्षण फोनवर टिपला होता; तो सगळ्या पेठेच्या फोनात फिरला. संध्याकाळी दूध कट्ट्यावर तर न्यायालयच भरायचं. एका बाजूला म्हशींची धार, दुसऱ्या बाजूला ओठांवर फेस घेतलेली माणसं, आणि मधे तो व्हिडिओ.

"बघ, बघ, पडताना जागा बघितली."

"डोळं मिटलं न्हाईत. बेशुद्ध मानूस डोळं उघडं ठेवतोय व्हय?"

"आणि ऐका. त्या कबनूरवाल्याची आत्या आपल्याच मागल्या गल्लीत दिलीया."

"म्हंजे पावणं-पावणंच की!"

हा पुरावा सगळ्यांना इतका पटला की पुढे व्हिडिओ बघायचीही गरज उरली नाही. कोल्हापूर जिल्ह्यात कुणाची तरी आत्या मागल्या गल्लीत नाही असा माणूस शोधून सापडणार नाही, हे त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही. मी तर मान डोलवत होतो.

पाचव्या दिवशी बायको वस्तादांच्या गोठ्यावरून दूध घेऊन आली. पातेलं ओट्यावर जरा जोरात ठेवलं.

"त्यांच्या पोराचा गलास पालथा घातलाय," ती म्हणाली.

मला कळेना. मग तिनं सांगितलं. पोरगा आठ वर्षांचा होता तेव्हापासून वस्ताद रोज पहिली धार काढून मोठा पितळी गलास स्वतः भरून त्याच्या हातात देत. तो गलास आता दावणीच्या भिंतीवर पालथा होता. "नुरा करनाऱ्याला माज्या म्हशीचं दूध न्हाय," एवढंच म्हातारा बोलला होता. पोरगा मैदानाच्याच दिवशी पिशवी भरून बाहेर पडला. बॉक्सिंग शिकतो त्या हॉलवर राहत होता. त्याची आई म्हशीच्या आड तोंड करून रडत होती.

"कालवणात मीठ नसलं तर तुम्हाला सांगावं लागतं," बायको म्हणाली, "आणि त्या पोराचं पडणं खोटं, ते तुम्हाला लांबून कळलं."

त्याच दिवशी दुपारी पोरगा दुकानात आला. त्याला मुक्के मारायची पिशवी टांगायला मोठा हूक हवा होता. मी हूक काढत होतो आणि तो दाराशी उभा राहून शांतपणे म्हणाला, "काका, राग न्हाय. पर एक सांगा, तुमाला नक्की काय दिसलं?"

"तू... जरा थांबून पडलास."

"व्हय. मलाबी तेवढंच आठवतंय. लागलं तवा कायच झालं न्हाय. म्हटलं, हे काय, हात लावून गेला. आणि मग आत कुनीतरी दिवा मालवल्यागत झालं. पाय माजं न्हवतंच."

"कुठं लागलं, बघू."

त्यानं शर्ट वर केला. कातडीवर काही नव्हतं. ना वळ, ना सूज.

"खूण राहत न्हाय तिथं," तो म्हणाला. "तीच पंचाईत हाय. घरात अप्पांनी पन हेच विचारलं. खूण दाव म्हनले." मग हूक हातात घेऊन त्यानं बघितला. "काका, ह्यो पडद्याचा हाय."

मी त्याला खिडकीच्या पडद्याचा हूक दिला होता.

संध्याकाळी मी वस्तादांकडे गेलो. ते म्हशीच्या पाठीवरून पाणी ओतत होते. मी म्हणालो, "वस्ताद, माझं चुकलं असेल."

"असंल म्हंजे?" त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. "चुकलं का न्हाय?"

"मला बॉक्सिंगमधलं कळत नाही."

"मग बोललास कशाला?"

मी भरलेली बादली पुढे सरकवली. ती त्यांनी म्हशीवर रिकामी केली. मग ते म्हणाले, "मीबी बगितलंय माज्या डोळ्यानं. ते पडनं मलाबी बरं वाटलं न्हाय. मी मनात गिळलं असतं. तू माईकवर बोललास. आता माज्या कानात माघारी घेऊन उपेग काय? खरं काय ते हुडकून काढ, आणि माईकवर सांग. न्हायतर ह्या गोठ्यात पाय ठेवू नगंस."

दुसऱ्या दिवशी मी कबनूरला गेलो. कारखाना शोधला आणि आत पाय ठेवल्यावर कळलं की इथं गुपित बोलणं ही फारच वेडगळ कल्पना आहे. चाळीसेक माग खटाखट खटाखट चाललेले. कबनूरवाला दोन मागांच्या मधे उभा होता, अंगावर कापसाची लव. मला ओळखून त्याचा चेहरा पडला.

"काय रे," मी त्याच्या कानाशी ओरडलो, "तुला विचारायचं होतं!"

"आं?"

"त्या दिवसाचं!"

"कुठल्या इसाचं?"

मी छाती भरून घेतली, हातांचा कर्णा केला आणि सगळा जीव एकवटून ओरडलो, "ती कुस्ती ठरवून केली काय रे?"

नेमकी त्याच क्षणी वीज गेली. चाळीस माग एकदम थांबले. माझं वाक्य त्या शांततेत एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेलं आणि परत आलं. पंधरा-वीस माणसं आमच्याकडे बघत होती. एका मोसमात दोनदा सगळ्यांसमोर तोच आरोप, आणि दुसऱ्यांदा तर माईकसुद्धा नव्हता.

कबनूरवाला रागावला असता तरी चाललं असतं. त्यानं मान खाली घातली. "काका, माझ्या घरातबी ह्येच विचारत्यात," तो म्हणाला. "जिंकून आलो तर आई म्हनली, खरंच जिंकलास न्हवं? तीन वर्सं त्यो एकच मुक्का घोटवतोय मी. शिफ्ट सुटली की रोज. बारका असतोय, दिसत न्हाय, पर उजव्या बरगडीखाली बसला की मोठा मोठा गडी खाली येतोय. लागल्यावर कळायला एवढा येळ जातोय." त्यानं एक चुटकी वाजवली, थांबला आणि दुसरी वाजवली. "आयुष्यात पयल्यांदा त्यो बराबर बसला. आणि तुमी म्हनलासा, नुरा."

वीज आली. माग सुरू झाले. मी तोंड उघडून काहीतरी म्हणालो. काय म्हणालो ते मलाही ऐकू आलं नाही.

गगनबावड्याच्या वाटेवरच्या एका गावात पुढच्या पंधरवड्यात जत्रेचं मैदान होतं. निवेदक मी, मुख्य पंच वस्ताद. कबनूरवाल्याला सांगितलं, त्या दिवशी सुट्टी घे आणि हातमोजे घेऊन ये. वस्तादांच्या पोराला निरोप धाडला. येतो म्हणाला नाही, पण मैदान भरल्यावर बघतो तर सगळ्यात मागं, उसाच्या ट्रॉलीला टेकून उभा.

दुपारच्या चार कुस्त्या झाल्यावर मी हलगी थांबवली. "मंडळी, दिवाळीच्या मैदानात मी एका लढतीला नुरा म्हणालो. ते मी माघारी घेतो. मुक्का खरा होता, पडणं खरं होतं. खोटी होती ती माझी अक्कल."

टाळ्या पडतील असं वाटलं होतं. समोरून एक फेटेवाला उठला.

"कशावरनं?"

मी समजावलं. बरगडी सांगितली, चुटकी वाजवून दाखवली. मैदानभर कुजबुज. "आता का पलटी मारलासा?" "पावण्यांनी गाठलं जनू!" मी जितकं बोलत होतो तितका पोरगा आणखी खोटा ठरत होता. वस्ताद मातीच्या कडेला हाताची घडी घालून उभे. चेहऱ्यावर रेषा हलत नव्हती. मागं ट्रॉलीपाशी पोरगा वळला आणि निघाला.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "बोलू नगासा, दावा!"

"दावा! दावा!" मैदानानं धरलं.

माझा बेत असा होता की एखाद्या दणकट पैलवानाला पुढे करायचं. मी तालमीच्या पोरांकडे बघितलं. पोरांनी एकजात आकाशाकडे बघितलं.

"निवेदकावरच दावा!" फेटेवाला म्हणाला.

तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. हजारो माणसांचा आनंद होता तो. मी मांडवातून उतरलो, चपला काढल्या आणि सातवीनंतर पहिल्यांदा लाल मातीत पाय ठेवला. माईक हातात तसाच राहिला. ठेवायचं सुचलंच नाही. कबनूरवाला हातमोजे चढवत माझ्याजवळ आला. त्याचाच चेहरा उतरला होता.

"काका, नगं. तुमाला सोसायचं न्हाय."

"मार."

"हळू मारतो. रुपयातला एक आणाच." मग त्यानं माझं पोट बघितलं. "अर्धा आणा."

हलगी घुमायला लागली. मला चेव आला. म्हणजे असं, की मरायचंच आहे तर निवेदन करत मरू. "मंडळी!" मी माईकमध्ये गरजलो. "कबनूरचा पैलवान समोर आलेला आहे! डावा हात खाली घेतलेला आहे! हात आला... आला... लागला!"

लागला. खरंच लागला. आणि काही झालं नाही. कुणीतरी गर्दीत ढोपर लावून पुढे जावं तेवढंच. मला हसू आलं. सुटलो! "हात्तिच्या!" मी म्हणालो. "मंडळी, एवढंच? मी तर उभा आहे! मला काहीही झाले—"

'ले' आणि 'लं' यांच्या मधे माझ्या आत काहीतरी गेलं. दुखलं असं म्हणता येणार नाही. दुखायला माणूस हजर लागतो. एक पाऊल मागे गेलं, ते मी टाकलं नव्हतं. खाली बघितलं, कारण पाय कुठं गेले ते बघायचं होतं. मग एक गुडघा. मग दुसरा. मग कपाळ मातीला. मला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं, मुंगी चालताना दिसत होती. फक्त श्वास नावाची गोष्ट पूर्वी कशी करायचो ते आठवत नव्हतं. आणि माईक तोंडाशीच होता. दाव्याला ओढ बसलेल्या रेडकासारखा जो आवाज माझ्यातून निघाला, तो चार कर्ण्यांवरून सगळ्या जत्रेनं ऐकला. पाळणेवाल्यानं पाळणा थांबवला असं नंतर सांगत होते.

मातीवरून पावलं आली. वस्ताद माझ्याशेजारी गुडघा टेकून बसले. हनुवटी धरून त्यांनी माझं तोंड वर केलं आणि म्हशीचे दात बघावेत तसं निरखून बघितलं. माशासारखं उघडं तोंड. उघडे डोळे. मग माझा शर्ट वर करून बरगडीखाली बघितलं. खूण नव्हती. तिथं त्यांनी अंगठा हळूच ठेवला आणि ठेवलेलाच राहू दिला.

पोरगा गर्दी कापत पळत आला होता. मी मेलो असं वाटलं असणार. वस्तादांनी मान न वळवता विचारलं, "असंच झालं व्हय रं तुला?"

"व्हय."

"मग सांगायचं न्हाईस?"

"सांगितलं की, अप्पा. तुमी ऐकलासा न्हाई."

म्हाताऱ्याचा अंगठा अजून माझ्या बरगडीवर. "घरला चल," ते म्हणाले. "तांबडी म्हस माज्या हाताला धार देत न्हाय. तुजी वाट बगतीया." तांबडी नावाची त्यांची म्हैस कुणाच्याही हाताला धार देते, हे सगळ्या पेठेला माहीत आहे. पोरानं वाकून बापाच्या गुडघ्याला लागलेली माती झाडली. बाजूला कबनूरवाला हातमोजे छातीशी धरून उभा होता. वस्तादांनी त्याच्याकडे बघून मान लववली, मोठ्या पैलवानापुढे लववतात तशी, आणि मैदानात कुठंतरी पहिली टाळी वाजली. मग सगळीकडून.

मला वाटलं, संपलं. तेवढ्यात तो मघाचा फेटेवाला उभा राहिला आणि माझ्याकडे बोट दाखवून बेंबीच्या देठापासून ओरडला:

"नुरा! ह्योबी विचार करून पडला! ठरवून केलंय सगळं!"

मी मातीत पालथा. बोलायला श्वास नाही. स्वतःचंच वाक्य डोक्यावर येऊन आदळलेलं. वस्तादांनी माझ्या मुठीतून माईक काढून घेतला. आयुष्यात त्यांनी माईक धरलेला कुणी बघितला नव्हता. त्यांनी तो दोन्ही हातांनी, कुदळ धरावी तसा धरला.

"ए पावणं, खाली बस," ते म्हणाले. "चाळीस वर्सं मी ह्याला वळखतो. ह्याला ठरवून आजवर एक गोष्ट जमल्याली न्हाय."